डॉ. अबुल हुस्साम आणि पाण्यातले विष

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे सुधारून देत आहे.)



प्रथमच एक कबुली देऊन टाकतो. मी बी. ए., बी. एड्. झालेला माणूस. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. विज्ञानाच्या तासाला कधी बदली म्हणून गेलो तर मुले खूष होतात, कारण त्या तासाला फक्त गोष्टी होतात. अशा माणसाने एका रसायनशास्त्रज्ञावर बोलायला उभे राहावे हे धाडसच आहे. आमच्या विज्ञानाच्या सरांनी माझे टाचण दोनदा तपासून दिले आणि दोन्ही वेळा लाल शाईचा मोकळ्या हाताने वापर केला. तरीही काही चूक राहिली असेल तर ती माझी समजावी.

हा विषय मी का घेतला ते आधी सांगतो. सहा-सात वर्षांपूर्वी आपल्या शाळेतून दहावी झालेला एक मुलगा होता. त्याचे नाव घेत नाही. विज्ञानात त्याला चांगले गुण होते आणि प्रयोगशाळेतून त्याला घंटा झाल्यावर अक्षरशः हाकलून बाहेर काढावे लागे. त्याचे वडील सुट्टीवर आखातातून आले होते. मुलाला घेऊन ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, हा म्हणतो केमिस्ट्री घेऊन बी. एस्सी. करणार. ते करून पुढे काय? बाटल्यांचे दुकान घालून बसणार? तुम्हीच समजवा याला." मी समजावले. दोन वर्षांचा एअरकंडिशनिंगचा कोर्स केलास तर लगेच व्हिसा मिळेल, घराला हातभार लागेल, असे मीच त्याला सांगितले. मुलगा गुणी होता, त्याने ऐकले. आज तो आखातात आहे, नियमित पैसे पाठवतो, घर बांधून झाले. त्याची काही तक्रार नाही.

गेल्या वर्षी त्याचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "सर, सध्या समुद्राचे पाणी गोडे करायच्या कारखान्यात काम चालू आहे. तिथे एक लॅब आहे. आतली माणसे दर तासाला पाणी तपासतात. मी त्यांच्या खोलीचा एसी बसवतो आणि काचेतून बघत राहतो." एवढेच म्हणाला आणि मग घरचे कसे आहेत, पाऊस कसा आहे, असे विचारू लागला. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बसून होतो.

त्या रात्री मला ज्या माणसाची आठवण झाली त्याची हकीकत आज सांगायची आहे. त्यानेही आयुष्यभर पाणीच तपासले. त्याचे नाव डॉ. अबुल हुस्साम.

बांगलादेशात कुष्टिया नावाचा जिल्हा आहे. गंगेला तिकडे पद्मा म्हणतात आणि तिचाच फाटा असलेली गोराई नदी कुष्टियावरून वाहते. रवींद्रनाथांच्या घराण्याची जमीनदारी ज्या शिलाईदहला होती ते गाव याच जिल्ह्यातले. इथे अबुल हुस्साम यांचा जन्म झाला. ढाका विद्यापीठातून रसायनशास्त्राची बी. एस्सी. आणि एम. एस्सी. झाल्यावर 1978 साली ते पुढील शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. पिट्सबर्ग विद्यापीठाने 1982 मध्ये त्यांना डॉक्टरेट दिली आणि 1985 पासून ते व्हर्जिनियातील जॉर्ज मेसन विद्यापीठात शिकवू लागले. त्यांचा विषय पृथक्करणाचा. एखाद्या पदार्थात काय आहे आणि नेमके किती आहे ते मोजायचे. आमच्या सरांच्या शब्दांत सांगायचे तर "रसायनशास्त्रातला तराजू धरणारा माणूस". वरवर पाहता यात गोष्ट सांगण्यासारखे काही नाही. हुशार मुलगा परदेशी गेला, तिथेच स्थायिक झाला. आपल्या कोकणात अशी घरे वाडी-वाडीला आहेत.

गोष्ट सुरू होते ती त्यांच्या मागे राहिलेल्या गावात.

साठ-सत्तर वर्षांपूर्वी बंगालमधली खेड्यातली माणसे तळ्याचे आणि नदीचे पाणी पीत. त्यातून पटकी, हगवण, विषमज्वर होई आणि दरवर्षी असंख्य लहान मुले दगावत. म्हणून 1970 नंतर सरकारने आणि युनिसेफसारख्या संस्थांनी गावोगाव कूपनलिका खोदल्या. जमिनीत नळी घालायची आणि वर हातपंप बसवायचा. थंड, स्वच्छ पाणी, त्यात ना किडा ना वास. लोकांनी ते आनंदाने स्वीकारले. पुढे लोक आपल्या खर्चाने परसात कूपनलिका घालू लागले. मुलीला स्थळ बघताना घरी स्वतःचा पंप आहे का ते विचारीत. एका अंदाजाप्रमाणे त्या देशातील कूपनलिकांची संख्या एक कोटीच्या आसपास गेली. पटकी-हगवणीवरचा उपाय म्हणून ही योजना चुकीची होती असे कोणी म्हणू नये. पण त्या काळी पाणी तपासताना आर्सेनिक तपासण्याची पद्धत नव्हती. आर्सेनिक म्हणजे सोमल. जुन्या कथा-कादंबऱ्यांतून दुधात घालतात तो.

पहिली शंका आली ती सीमेच्या अलीकडे, आपल्या पश्चिम बंगालात. 1983 साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. क्षितीशचंद्र साहा या त्वचारोगतज्ज्ञांकडे खेड्यातले रोगी येऊ लागले. अंगावर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके, तळहात-तळपाय राठ होऊन त्यावर चामखिळीसारखे उंचवटे. गावात सारे त्याला महारोग म्हणत. डॉ. साहांनी ओळखले की हे आर्सेनिक आहे आणि ते पंपाच्या पाण्यातून येत आहे. पुढे 1988 पासून जादवपूर विद्यापीठाचे डॉ. दीपंकर चक्रवर्ती यांनी हे काम हाती घेतले आणि 2018 साली मृत्यू येईपर्यंत सोडले नाही. गावोगाव फिरून पाण्याचे, केसांचे, नखांचे नमुने गोळा करायचे आणि कोणी ऐको न ऐको, आकडे सांगत राहायचे. त्यांच्यावर वेगळे व्याख्यान व्हावे अशी त्यांची योग्यता आहे. बांगलादेशात हे विष पहिल्यांदा सापडले 1993 मध्ये.

किती विष म्हणजे जास्त? जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरला 10 मायक्रोग्रॅम. मला तर हा आकडा कळेना. सरांनी समजावले ते असे. दहा हजार लिटरचे दहा टँकर पाण्याने भरा. त्या साऱ्यांत मिळून एक ग्रॅम आर्सेनिक टाका, म्हणजे साखरेच्या चार चिमट्यांएवढे. झाली मर्यादा. त्यापुढे धोका. बांगलादेशाने आपली मर्यादा याच्या पाचपट, म्हणजे 50 ठेवली. ब्रिटिश भूगर्भ खात्याच्या मदतीने झालेल्या आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दीडशे मीटरपेक्षा उथळ अशा कूपनलिकांपैकी शेकडा 27 या पाचपट मर्यादेच्याही पलीकडे निघाल्या. साडेतीन कोटी माणसे ते पाणी पीत होती.

आता लक्षात घ्या, हे विष दिसत नाही, त्याला चव नाही, वास नाही. पाणी फडक्याने गाळले तरी ते जात नाही. उकळले तर उलट वाढते, कारण पाणी वाफ होऊन उडते आणि विष भांड्यात राहते. दहा-दहा, वीस-वीस वर्षे पाणी प्यायल्यावर ते अंगावर उमटते आणि पुढे कातडीचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कॅन्सर होतो. अशा शत्रूला ओळखण्याचे एकच साधन, मोजमाप. आणि मोजमाप हाच ज्याचा धंदा तो कुष्टियाचा मुलगा अमेरिकेत बसला होता.

डॉ. हुस्साम यांचे भाऊ डॉ. मुनीर कुष्टियातच वैद्यकी करीत होते. दोघा भावांनी मिळून कुष्टियात पाणी तपासण्याची सोय उभी केली. विजेच्या अगदी सूक्ष्म प्रवाहावरून आर्सेनिक मोजण्याची पद्धत अबुल हुस्साम यांनी तिथल्या परिस्थितीला जुळेल अशी बसवली. मोजायला सुरुवात केल्यावर जे नमुने दोषी निघाले त्यांत त्यांच्या स्वतःच्या घरच्या कूपनलिकेचे पाणीही होते. ज्या पाण्यावर घरची माणसे वाढली तेच ते पाणी.

इथपर्यंत अनेक शास्त्रज्ञ येतात. रोग दाखवतात, लेख लिहितात, परिषदेला जातात. हुस्साम यांना पुढचा प्रश्न पडला. पाणी वाईट आहे असे सांगून मी निघून आलो, तर त्या घरातली बाई उद्या सकाळी काय पिणार? तिच्याजवळ वीज नाही, पैसा नाही, आणि तळ्याकडे परत जावे तर तिथे पटकी आहे.

त्यांचा पहिला प्रयत्न ऐकून तुम्हाला नवल वाटेल. बंगालीत ज्याला 'कोलशी' म्हणतात ती आपली कळशीच. तिथे ती मातीची असते. एकावर एक अशा तीन कळशा. वरच्या कळशीत वाळू आणि लोखंडाचा कीस, कारखान्यात लेथवर निघतो तो. मधल्या कळशीत बारीक वाळू आणि लाकडी कोळसा. तळाच्या कळशीत शुद्ध पाणी जमा. यामागचे तत्त्व असे की लोखंड गंजते आणि ताज्या गंजाला आर्सेनिक चिकटून बसते. तुम्ही म्हणाल, एवढेच? एवढेच. 2000 साली त्यांनी सहकाऱ्यांसह यावर निबंध प्रसिद्ध केला. पाणी खरोखरच शुद्ध होत होते.

पण मग अडचण आली. काही महिन्यांनी लोखंडाचा कीस गंजून एकमेकाला धरी आणि त्याचा दगडासारखा गोळा होई. पाणी झिरपणे थांबे. घरातली बाई काय करणार? कळशी बाजूला ठेवून पुन्हा पंपाखाली हंडा लावणार. चालू न राहणारा उपाय हा उपायच नव्हे. मुलांनो, इथे हा माणूस पास झाला असे मला वाटते. ज्याची छापून वाहवा झाली आहे ती वस्तू नापास आहे असे स्वतः मान्य करणे फार कठीण. आम्ही शिक्षक मंडळी जुनी टाचणवही बदलायला किती वेळ लावतो ते मुख्याध्यापक सर जाणतात.

पुढची काही वर्षे त्यांनी प्रयोगामागून प्रयोग केले. लोखंड सुटे ठेवण्याऐवजी त्यावर प्रक्रिया करून त्याचा सच्छिद्र थर तयार केला. त्यातून पाणी वर्षानुवर्षे झिरपत राहील आणि गोळा होणार नाही. आणखी एक खुबी होती. पाण्यातले आर्सेनिक दोन रूपांत असते. एक रूप गंजाला चटकन चिकटते, दुसरे सहज निसटते. हुस्साम यांच्या लोखंडात थोडे मँगेनीज असते, त्याच्या मदतीने निसटणारे रूप चिकटणाऱ्या रूपात बदलते. बाहेरून कसलेही औषध घालावे लागत नाही. कळशा जाऊन दोन बादल्या आल्या, एकीवर एक. वरच्या बादलीत नदीची वाळू, हे लोखंड आणि विटांचे तुकडे. खालच्या बादलीत बारीक वाळू, लाकडी कोळसा आणि पुन्हा विटांचे तुकडे. वीज नको, पंप नको, कुठला भाग परदेशातून मागवायला नको. 2007 च्या सुमारास किंमत 35 ते 40 डॉलरच्या आसपास होती, आणि चालतो पाच वर्षे वा अधिक. त्याचे नाव सोनो फिल्टर. घरातल्या कुटुंबाला पिण्या-स्वयंपाकापुरते पाणी त्यातून आरामात निघते आणि आर्सेनिक बहुतेक 10 च्या खाली येते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीने नेमक्या याच प्रश्नासाठी दहा लाख डॉलरचे ग्रेंजर पारितोषिक जाहीर केले होते. अट अशी की यंत्र स्वस्त हवे, टिकाऊ हवे, विजेशिवाय चालावे आणि लोकांनी ते आपखुशीने वापरावे. सत्तरहून अधिक अर्ज आले. निवडक यंत्रांची सरकारी प्रयोगशाळेत चाचणी झाली. फेब्रुवारी 2007 मध्ये निकाल लागला तेव्हा पहिले पारितोषिक दोन बादल्यांना मिळाले! दुसरे दोन लाख डॉलरचे पारितोषिक लीहाय विद्यापीठाचे प्रा. अरूप सेनगुप्ता यांच्या सामुदायिक फिल्टरला मिळाले. तेही बंगालचेच, आणि त्यांचे फिल्टर पश्चिम बंगालच्या खेड्यांतून बसवलेले. तिसरे मिळाले एका प्रचंड मोठ्या कंपनीला. हा क्रम मला फार आवडतो, का ते सांगायला नको.

दहा लाख डॉलरचे हुस्साम यांनी काय केले? शेकडा 70 रक्कम गरजूंना फिल्टर वाटण्यासाठी, शेकडा 25 पुढील संशोधनासाठी आणि 5 आपल्या विद्यापीठाला, अशी वाटणी त्यांनी जाहीर केली. बेरीज करून पाहा, म्हणजे स्वतःसाठी किती राहिले ते कळेल.

आता थोडे मातीविषयी, कारण मला स्वतःला या साऱ्यात सर्वांत नवल वाटले ते याचेच. हे विष तिथे आले कुठून? कारखान्यातून नव्हे. हिमालय झिजतो, गंगा आणि ब्रह्मपुत्रा तो गाळ वाहून आणतात आणि हजारो वर्षे तो बंगालात साठत आला. त्या गाळाच्या कणांवर गंजाचा पातळ लेप असतो आणि त्या लेपाला थोडे थोडे आर्सेनिक चिकटलेले असते. चिकटलेले आहे तोवर कोणाला त्रास नाही. पण गाळाखाली पालापाचोळाही गाडला गेला. तो कुजताना सूक्ष्म जंतूंनी सारा प्राणवायू संपवला. हवा संपल्यावर जंतू गंजावर जगू लागतात, गंज विरघळतो आणि त्याला चिकटलेले आर्सेनिक पाण्यात सुटते. म्हणजे जमिनीखाली जी क्रिया होते तिचीच उलट क्रिया हुस्साम यांच्या बादलीत होते. तिथे हवेअभावी गंजाने सोडले, इथे हवेत गंजाने पुन्हा धरले.

आपल्या शेतकरी पालकांना हे माझ्यापेक्षा लवकर समजेल. आपण जमिनीला 'वाफसा' आला म्हणतो. म्हणजे ओल आहे पण चिखल नाही, मातीत पाणीही आहे आणि हवाही आहे. आणि खाचरात चिखलणी करून पाणी बांधले म्हणजे मुळाशी हवा राहत नाही. खाचराच्या बांधाखालून पाणी पाझरते तिथे तांबूस साका आणि वर तेलासारखा तवंग दिसतो. लहानपणी आम्हाला वाटे कोणी रॉकेल सांडले. काठीने ढवळून पाहा. तेल असेल तर तवंग पुन्हा मिळतो, हा मात्र पापडासारखा फुटतो. ते लोखंड आहे, चिखलात विरघळलेले, हवा लागताच पुन्हा गंज झालेले. कुष्टियाच्या बादलीतले शास्त्र आपल्या बांधावर फुकट चालू आहे.

बंगालात मात्र याचा दुसरा परिणाम झाला. उन्हाळी भाताला तिथे उथळ कूपनलिकांचे पाणी देतात. आर्सेनिक शेतात येते, तुंबलेल्या चिखलात सुटे राहते आणि रोपातून दाण्यात चढते. 2003 च्या सुमारास अँड्र्यू मेहार्ग यांच्यासारख्या संशोधकांनी हे दाखवून दिले. त्यावर उपाय म्हणून जमिनीची ओल सांभाळण्याचा मार्ग पुढे आला. शेतात भोके पाडलेली नळी पुरायची, पाणी जमिनीखाली 15 सेंटिमीटर गेले की मगच पुन्हा पाणी द्यायचे. मध्ये हवा शिरते, गंज धरतो, आर्सेनिक अडते. पाण्याचीही बचत होते. मात्र जमीन फार सुकवली तर कॅडमियम नावाचा दुसरा दोष दाण्यात वाढू शकतो. म्हणजे इथेही पुन्हा मोजमाप आले.

आणि जांभा? आपल्या घरांच्या भिंती ज्या दगडाच्या आहेत तो तांबडा कशाने? लोखंडाच्या गंजानेच. खडगपूरच्या आय. आय. टी. मध्ये जांभ्यावर प्रक्रिया करून आर्सेनिक काढणारे फिल्टर तयार झाले आहे. ज्या चिऱ्यावर बसून आपण संध्याकाळी गप्पा मारतो त्याच जातीचा दगड.

आता दुसरी बाजू. सोनो फिल्टरने बांगलादेशचा प्रश्न सुटला असे मी सांगितले तर ते खोटे होईल. 2007 च्या सुमारास तीसेक हजार फिल्टर वाटले गेले होते, पुढे त्याहून बरेच अधिक गेले, पण माणसे कोटींनी मोजायची होती. सरकारने सुमारे 50 लाख कूपनलिका तपासून त्यांना रंग दिला. लाल म्हणजे पिऊ नये, हिरवा म्हणजे प्यावे. काही वर्षांत रंग उडाला, नव्या कूपनलिका बिनतपासणीच्या उभ्या राहिल्या. 2016 मध्ये एका मानवी हक्क संस्थेने लिहिले की अजून दोन कोटी लोक 50 च्या वरचे पाणी पीत आहेत. आणि ज्यांच्या अंगावर ठिपके उमटले त्या बायकांचे काय झाले ते वाचवत नाही. महारोग समजून नवऱ्यांनी टाकले, ठरलेली लग्ने मोडली, मुलींना शाळेत वेगळे बसवले. विष पाण्यात होते आणि शिक्षा त्यांना झाली. आधी कोणी मोजले असते तर, हा विचार त्या ठिकाणी माझ्या मनातून जात नाही.

आपल्याकडे काय, असे कोणी विचारील. कोकणात आर्सेनिकची भीती घालण्याचा माझा मुळीच हेतू नाही. आपल्या विहिरींना पावसाळ्यात जंतूंचा धोका अधिक. ग्रामपंचायत टी. सी. एल. पावडर टाकते ती त्याचसाठी. पण याच महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात, मोठ्यांची हाडे आखडतात. तेही पाणी दिसायला काचेसारखे. 2019 साली जलजीवन मिशन सुरू झाल्यापासून गावातल्याच काही बायकांना पाणी तपासण्याचे किट आणि त्याचे शिक्षण देण्याची योजना आहे. आपल्या वाडीत असे किट आले का, आले असेल तर कपाटात आहे की वापरात, हे मातांनीच विचारावे.

यंदा नववी-दहावीच्या मुला-मुलींनी विज्ञानाच्या सरांबरोबर आसपासच्या पाण्याच्या जागांची यादी केली. विहिरी आणि बोअर मिळून एक्केचाळीस. "शेवटची तपासणी कधी?" या रकान्यात तेहतीस ठिकाणी एकच उत्तर आले, "माहीत नाही". त्यात आपल्या शाळेची बोअरही आहे. तिचे पाणी आपण सारे पितो, ज्या मुलाला मी समजावून पाठवले तोही पाच वर्षे तेच प्यायला. ही यादी करणाऱ्यांत एक मुलगी आहे, तिने परवा मला विचारले, "सर, बी. एस्सी. ला केमिस्ट्री घेतली तर कुठली नोकरी मिळते?" तिचे अब्बा आज इथे बसले आहेत. यावेळी मी एकटा उत्तर दिलेले नाही. विज्ञानाचे सर आणि मी येत्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या घरी येणार आहोत, चहा मात्र त्यांनी द्यावा.

शेवटी एक सूचना. पाणी तपासायला जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचे आहे. स्वच्छ बाटल्या शाळेच्या कचेरीत ठेवल्या आहेत, घरटी एक न्यावी. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली वेगळी असते, ती सर स्वतः येऊन भरतील. शीतपेयाच्या बाटलीतून पाणी आणू नये. बोअर असेल तर दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यावे, त्याच पाण्याने बाटली दोनदा खंगाळावी आणि मग काठोकाठ भरावी. चिठ्ठीवर नाव, वाडी, आणि विहीर की बोअर एवढेच लिहावे. सोमवारी सकाळी दहापर्यंत बाटल्या कचेरीत पोचाव्यात, कारण गाडी अकराला निघते.